खाणारा म्हणतो वातड

शेळी जाते जिवानिशी, अन् खाणारा म्हणतो वातड. ही म्हण आपण सहसा माणसांबद्दल वापरतो. घरासाठी राबून झिजलेल्या बाईबद्दल, नाहीतर गावासाठी पदरमोड करून शेवटी बोल खाणाऱ्या कार्यकर्त्याबद्दल. म्हणीतल्या शेळीचा विचार फारसा कोणी करत नाही. पण तक्रार शब्दशः खरी आहे. मांस वातड निघते, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत मांसाच्या कारखानदारीने खाणाऱ्याची ही तक्रार फारच मनावर घेतली. तिने काढलेला एक उपाय असा की, जनावर कापून रक्त वाहून गेले की धडातून विजेचा प्रवाह सोडायचा. मेलेले धड थरथरते, पाय ताणले जातात, स्नायू आवळतात आणि सुटतात. थोड्या वेळाने प्रवाह बंद होतो. मांस मऊ पडते.

यात हलाल-हरामचा प्रश्न येतो काय, आणि त्यापलीकडे आणखी काही प्रश्न उरतो काय, याचा विचार आम्हाला करायचा आहे.

आम्ही पारनेर तालुक्यातले. पावसाच्या छायेतला, बहुतेक जिरायत असलेला हा मुलूख. इथे शेळी ही गरिबाची गाय आहे, आणि शेजारच्या संगमनेरच्या नावाने तर शेळ्यांची एक जातच देशभर ओळखली जाते. आमच्याकडे मटण म्हणजे सकाळी कापलेले आणि दुपारच्या आत संपलेले मटण. ज्या दुकानांतून आम्ही ते घेतो तिथे शीतगृह नाही, विजेवर चालते ते डोक्यावरचा दिवा आणि फार तर पंखा. मग हा प्रश्न आम्हाला का पडावा? कारण ताट बदलत चालले आहे. मुले सुप्याला, रांजणगावला, पुण्याला नोकरीला जातात. मोठ्या दुकानांत गोठवलेल्या मांसाची पाकिटे मिळतात, त्यांवर हलालचा शिक्का असतो. आखातातून सुटीवर आलेला एखादा नातेवाईक सांगतो की तिकडे मिळणारे मांस न्यूझीलंडहून येते आणि तिथल्या कारखान्यात धडाला करंट देतात. ऐकणारे चपापतात. कोणी म्हणते, मग ते झटक्याचेच झाले की!

हा गोंधळ मुळात शब्दाचा आहे. आपल्या देशात ‘झटका’ म्हणजे एका घावात मान वेगळी करणे, आणि तो शब्द हलालच्या विरुद्ध टोकाला बसलेला आहे. विजेचा झटका त्याच्याशी नात्याने दूरचाही नाही. पण ‘करंट’ म्हणतानाही लोक तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. कापण्याच्या आधी जनावराला बेशुद्ध करण्यासाठी डोक्याला दिलेला प्रवाह ही एक. कापल्यानंतर जनावराने लाथा झाडू नयेत, कामगाराला इजा होऊ नये, म्हणून ते निश्चल ठेवायला दिलेला प्रवाह ही दुसरी. आणि मांस मऊ व्हावे म्हणून मेलेल्या धडाला दिलेला प्रवाह ही तिसरी. उलेमांमध्ये जो मोठा वाद झाला तो पहिलीवर. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ साली त्यावर ठराव केला. मूळ पद्धत बेशुद्ध न करता जबह करण्याचीच आहे, पण बेशुद्ध केलेले जनावर सुरी फिरताना जिवंत असेल तर अटींसह ते चालेल, असा त्याचा आशय. मलेशियाच्या हलाल मानकानेही बेशुद्ध करण्याला अटी घालूनच वाट दिली आहे. आपला विषय तिसरी गोष्ट आहे. मात्र दुसरी तिला चिकटून येते, म्हणून तिच्याकडेही वळावे लागेल.

मांस वातड का होते ते थोडक्यात पाहू. जीव गेला म्हणजे शरीरातले सगळे काम एका क्षणात थांबते असे नाही. रक्त थांबले तरी स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन जळत राहते, पण आता प्राणवायूवाचून. त्याचे लॅक्टिक आम्ल होते. आपण शेतकरी मातीचा जो सामू मोजतो तोच इथेही मोजतात. जिवंत स्नायूचा सामू सातच्या आसपास असतो, तो उतरत उतरत साडेपाचपर्यंत येतो. साठा संपला की स्नायू ताठरतात, आणि पुढे काही काळाने मांस पुन्हा सैल पडू लागते. हे सारे आपल्या गतीने होऊ दिले तर काही बिघडत नाही. बिघडते ते घाई केली की. सामू सहाच्या खाली येण्याआधीच धड दहा अंशांखाली थंड केले, तर स्नायू आखडून बसतात आणि मग ते मांस कितीही शिजवा, चिवटच राहते.

न्यूझीलंडला हे नडले. १८८२ साली ‘ड्युनेडिन’ या जहाजातून तिथली गोठवलेली मेंढी पहिल्यांदा इंग्लंडला गेली आणि तो देशाचा मोठा धंदा झाला. पुढे गोठवण्याची यंत्रे जलद झाली तशी गिऱ्हाइकांची तक्रार वाढली, कोकराचे मांस असून वातड! तिथल्या संशोधकांनी १९६० च्या दशकात थंडीने आखडण्याचे हे कारण शोधले, आणि १९७० च्या दशकात विजेचा उपाय कारखान्यांत आणला. प्रवाहाने स्नायू पुन्हा पुन्हा आकुंचन पावतात, साठा भराभर जळतो, सामू झपाट्याने उतरतो, आणि मग थंड करायला मोकळीक मिळते. युक्ती तशी जुनी आहे. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने विजेने टर्की पक्षी मारून पाहिले होते आणि त्यांचे मांस फारच कोवळे लागते असे नोंदवले होते. आता दोन प्रकार रूढ आहेत. एक, शंभर व्होल्टच्या आतला प्रवाह, जो कापल्यानंतर काही मिनिटांतच द्यावा लागतो, कारण त्याला नसांचे जाळे अजून जागे असावे लागते. दुसरा, पाचशे व्होल्टच्या वरचा, जो तासाभरापर्यंत उशिरा दिला तरी चालतो. वाचकांनी हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

भारतातही शेळीच्या आणि म्हशीच्या मांसावर असे प्रयोग झालेले आहेत. म्हशीचे मांस परदेशी पाठवताना लाळ्या-खुरकुताच्या विषाणूची धास्ती असते. तो नाहीसा व्हावा म्हणून धड किमान चोवीस तास ठेवून सामू सहाच्या खाली आला आहे हे तपासायचे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तेव्हा सामू उतरणे हा केवळ जिभेचा चोचला नाही, हे मान्य केले पाहिजे.

आणि चोचला म्हणावा तर तो आपल्या चुलीलाही सुटलेला नाही. बकरी ईदला आधी कलेजी शिजते, कारण ती लगेच मऊ होते; ताज्या मांसाला वेळ द्यावा लागतो हे घरातल्या बायांना कोणत्याही प्रयोगशाळेआधी ठाऊक होते. कच्च्या पपईचा कीस चोळणे, दह्यात मुरवणे, हे सगळे वातडपणावरचेच इलाज. पपईच्या चिकाने मांसाचे तंतू सुटतात यात कोणाला कधी पाप वाटले नाही. मग विजेनेच काय घोडे मारले, असे कोणी विचारले तर उत्तर देणे सोपे नाही.

फिकहच्या अंगाने पाहिले तर आमच्या समजुतीप्रमाणे मुद्दा सरळ आहे. जनावर हलाल ठरते ते सुरीच्या क्षणी. कापणारा कोण, त्याने अल्लाहचे नाव घेतले की नाही, जनावर जिवंत होते की नाही, अन्ननलिका, श्वासनलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या यांपैकी आवश्यक तेवढे कापले गेले की नाही, आणि वाहणारे रक्त वाहून गेले की नाही, एवढ्यावर निकाल लागतो. इमाम अबू हनीफांच्या मते चारांपैकी तीन पुरेत. हे सारे नीट झाले आणि जनावर मेले, तर नंतर धडाला वीज लावा, बर्फ लावा की पपई लावा, झालेले हलाल उलटे फिरत नाही. एवढेच सांगून हा लेख संपवता आला असता.

पण ‘जनावर मेले’ हे दोन शब्द वाटतात तितके सोपे नाहीत.

नगर-कल्याण रस्ता आमच्या तालुक्यातून, भाळवणी, टाकळी ढोकेश्वरवरून जातो. या रस्त्यावर शेळ्यामेंढ्या गाड्यांखाली येतात. अशा वेळी मेंढपाळ सुरी घेऊन धावतो, किंवा कापता येणाऱ्याला हाका मारतो; जीव जायच्या आत सुरी फिरली पाहिजे, नाहीतर सगळेच गेले. कुरआनच्या पाचव्या सूरेत गळा दाबून मेलेले, पडून मेलेले, शिंग लागून मेलेले जनावर निषिद्ध करताना, तुम्ही वेळेत जबह केलेत ते सोडून, अशी सवलत आहे, ती नेमकी या धावपळीसाठी. आता सुरी फिरली तेव्हा ते जिवंत होते हे कशावरून ठरवायचे? हनफी ग्रंथांनी त्यासाठी खुणा दिल्या आहेत. रक्त जिवंत जनावरासारखे वाहिले का, अंग हलले का. तेही स्पष्ट नसेल तर पाय आखडला का, डोळा मिटला का, अंगावरचे केस उभे राहिले का. म्हणजे हालचाल ही साक्ष आहे. जे जनावर बोलू शकत नाही त्याच्या वतीने त्याचा पाय साक्ष देतो.

वीज या साक्षीदाराला खोटे बोलायला लावते. इटलीत गॅल्व्हानीने अठराव्या शतकाच्या अखेरीस मेलेल्या बेडकाचे पाय नाचवले. त्याच्या भाच्याने, अल्दिनीने, १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका माणसाच्या प्रेतावर तोच प्रयोग केला, तेव्हा प्रेताचा जबडा हलला, एक डोळा उघडला आणि पाहणारे हादरले. अंग हलते म्हणजे आत जीव आहे, ही माणसाची फार जुनी खात्री तिथे मोडली.

आमच्या पूर्वसुरींची मात्र या बाबतीत इतकी फसगत झाली नसती. त्यांनी हालचालीतही दोन जाती पाडल्या होत्या. एक ‘हयाते मुस्तकिर्रा’, म्हणजे शरीरात ठाण मांडून असलेले जीवन. आणि दुसरी ‘हरकते मजबूह’, कापलेल्या जनावराची निव्वळ तडफड. कोंबडीची मान कापल्यावर ती अंगणभर फडफडते ती दुसरी. शाफई ग्रंथांत हा भेद फार बारकाईने केलेला आहे, आणि कोकणातले आपले भाईबंद शाफई असल्याने त्यांना तो परिचयाचा असेल. आम्ही देशावरचे हनफी. विजेने हलणारे धड ही या दुसऱ्या जातीचीच एक लांबची शाखा म्हणता येईल. तेव्हा धड हलले म्हणून कोणी घाबरू नये. उलटपक्षी, धड हलत नाही म्हणून कोणी निश्चिंतही होऊ नये. ही उलटी बाजू आम्हाला जास्त गंभीर वाटते.

वर म्हटलेला निश्चल ठेवणारा प्रवाह आठवा. तो कापल्याबरोबर देतात. तो दिल्यावर जनावर गप्प पडते. पण गप्प पडणे आणि संपणे एक नव्हे. मेंदू शांत झालेला नसताना अंग जखडून ठेवले तर आपल्याला काही दिसणार नाही, एवढेच होईल. आधी बेशुद्ध केलेल्या जनावराबाबत ही शंका कमी. न करता कापलेल्याबाबत जास्त. आणि शंभर व्होल्टच्या आतला, मांस मऊ करणारा प्रवाहही पहिल्या काही मिनिटांतच द्यायचा असतो. रांग घाईत असेल तर ही मिनिटे कोणाच्या हिशेबातून कापली जातात, ते सांगायला नको.

सुरीनंतर बेहोशी यायला किती वेळ लागतो? आपल्या सभा-संमेलनांतून जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या शुल्त्से यांच्या १९७८ च्या अभ्यासाचा दाखला हमखास दिला जातो. त्यांनी मेंदूच्या विजेचे आलेख घेतले होते आणि नीट केलेल्या धार्मिक जबहमध्ये, विशेषतः मेंढीत, मेंदू लवकर शांत होतो असे त्यांना दिसले. दाखला खरा आहे. पण २००९ साली न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातल्या संशोधकांनी वासरांवर, हलकी भूल देऊन, केलेले प्रयोगही प्रसिद्ध झाले आणि त्यांत गळा कापल्यावर मेंदूत वेदनेचे म्हणावे असे संकेत उमटले. पहिला अभ्यास मिरवायचा आणि दुसऱ्याचे नावही घ्यायचे नाही, हे आम्हाला पटत नाही. मेंढी-शेळीला लागणारा वेळ गुरांपेक्षा कमी असतो, कारण गुरांच्या मानेतून मणक्याच्या बाजूने जाणारा रक्ताचा मार्ग सुरीने तुटत नाही. पण कमी असला तरी तो वेळ आहे. तो जनावराचा आहे. आपला नाही.

आपल्या परंपरेने तो जनावराचाच मानला होता. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तम रीतीने वागणे, लिहून ठेवले आहे. कापायचे तर नीट कापा, धार लावा, जनावराला आराम द्या, अशा अर्थाची हदीस सही मुस्लिममध्ये आहे. हनफी फुकहांनी त्यापुढे जाऊन सांगितले की जनावर थंड होण्याआधी त्याची मान मोडणे, कातडी सोलणे मकरूह आहे. मांस खाल्ले जाईल, पण कृत्य वाईट. जिवंत जनावराचा तोडलेला तुकडा तर मुरदारच. आम्हाला वाटते, विजेच्या मसल्याची किल्ली इथे आहे. फुकहांसमोर वीज नव्हती, पण घाई होती. ‘थंड होऊ द्या’ हा नियम त्यांनी घाईविरुद्ध केला. तेव्हा धडाला वीज देण्याचा प्रश्न विजेचा नसून आधी थांबलात का, एवढाच आहे. मृत्यूची खातरजमा करून मग दिलेल्या प्रवाहाला आमची हरकत नाही. न थांबता दिलेला प्रवाह, पाकिटावर कोणाचाही शिक्का असो, सोलण्याच्या घाईइतकाच मकरूह म्हणावा लागेल, आणि आमच्या मते थोडा जास्त.

इथे आपल्या गल्लीकडेही बघावे लागते. रविवारी सकाळी गिऱ्हाइकांची रांग असते. एकामागून एक बकरे आडवे होते, दुसरी बकरी बाजूला बांधलेली, पाहत असतात. सुरीला दगडावर धार त्यांच्यादेखतच लावली जाते, आणि नेमके हेच करू नये असे हदीसमध्ये सांगितले आहे. पहिल्याची तडफड थांबते न थांबते तोच त्याचा पाय चिरून सोलायला सुरुवात झालेली असते. तिथे वीज नाही, कारखाना नाही, परदेशी कंपनी नाही. घाई मात्र तीच आहे. न्यूझीलंडच्या धडाबद्दल चपापणारे आम्ही या रांगेत उभे राहून “जरा लवकर द्या” म्हणतो.

पूर्वी गावगाड्यात हे काम मुलाण्याकडे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’त, १९१५ साली, गावच्या कारूनारूंत त्याची नोंद आहे. जत्रेत, नवसाला, लग्नकार्यात मराठा-धनगरांच्या घरीसुद्धा बकरे मुलाण्याने हलाल केल्याशिवाय शिजत नसे. त्याचा वाटा ठरलेला असे. गावात एखाद-दुसरे जनावर कापायचे, तेव्हा त्याला घाईचे कारण नव्हते. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही, मुलाण्याचे पोट त्या वाट्यावर भरत नव्हते. एवढेच म्हणायचे आहे की हलाल हा शब्द या मातीत कधी काळी शेजाऱ्यांचाही होता. २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या राज्यात झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ नावाचे प्रमाणपत्र निघाले, तेव्हा ही आठवण किती जणांना झाली असेल?

कोणी म्हणेल, ही वेळ असे प्रश्न काढायची आहे का? २०१५ पासून राज्यात गोवंशाचे मांस बंद आहे, जनावरांची गाडी रस्त्यावर अडवली जाण्याची भीती खाटकाला रोज आहे, आणि तुम्ही धडाच्या सामूवर बोलता! आम्हाला उलट वाटते. दुसऱ्यांनी हलालवर क्रूरतेचा आरोप केला की आपण शुल्त्से यांचे नाव पुढे करतो. त्यापेक्षा रविवारच्या दुकानात बकरी आडोशाला बांधलेली असणे हे उत्तर जास्त वजनाचे ठरेल, आणि ते आरोपाची वाट न पाहता देता येते.

मऊपणाच्या हौसेबद्दल एक शंका आमच्या मनात उरतेच. वातड म्हणून टाकून दिलेले मांस हाही त्या जिवाचा अवमानच. मऊ करून सगळे खाल्ले जात असेल तर त्यात शेळीचा काहीएक मान आहे, हे खरे. पण प्रवाहाचा शोध शेळीसाठी लागला नाही. तो लवकर गोठवता यावे, लवकर जहाजात भरता यावे यासाठी लागला, आणि त्याचे श्रेय चवीला देण्यात आले. कुर्बानीबाबत कुरआनने मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो तकवा, असे सांगितले आहे. मऊ की वातड हा प्रश्न तिथे कुठे येतच नाही.

पाकिटांवरच्या शिक्क्यांकडून आम्हाला एक माहिती हवी आहे. कापणारा मुसलमान होता, नाव घेतले गेले, हे शिक्क्याने कळते. सुरी फिरल्यापासून पहिला प्रवाह लागेपर्यंत किती सेकंद जाऊ दिले, आणि त्याआधी बुबुळाला बोट लावून पापणी हलत नाही हे कोणी पाहिले, हे आम्ही पाहिलेल्या कोणत्याही पाकिटावर लिहिलेले नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना हे विचारता येईल, आणि पारनेरच्या दुकानदारालाही. त्याच्या बाबतीत तर पत्रही लिहावे लागणार नाही. रांगेत उभे राहूनच विचारता येईल.